मिनिटातला एकसष्टावा सेकंद

“भूकंपमापन केंद्राकडे हीच वाट ना?” छत्री नसलेल्या तरुणाने शेजारच्या तरुणीला विचारलं. अल्माटी शहराच्या वरच्या अंगाला, बसथांब्याच्या छपरावर पाऊस ताडताड वाजत होता. “तिथल्या अक्बोताबाईंनी आमच्या कोडची पार सालटी काढलीत. वयस्कर असाव्यात... आणि तापट.”

“वयाचं जाऊ द्या,” अक्बोता म्हणाली. “तापट मात्र आहे मी.”

मिरासने जीभ चावली. मग दोघंही हसत सुटली, आणि एकाच छत्रीतून चढण चढली.

मिरासच्या कंपनीने तारीख-वेळेची लायब्ररी लिहिली होती. बाकीचे प्रोग्राम वेळ त्या तयार कोडलाच विचारायचे. पृथ्वी फिरताना जरा रेंगाळते, म्हणून कधीमधी जगभरच्या घड्याळांत एक सेकंद जादा घालतात. एक जुलैच्या सकाळी तसा घातला. नेमका त्याच सेकंदात डोंगरात हलकासा धक्का बसला, आणि लायब्ररीने ‘मिनिटात एकसष्टावा सेकंद नसतो’ म्हणत ती नोंद फेकून दिली.

“बरेच जण तो सेकंद दिवसभरावर पसरवून टाकतात,” मिरास म्हणाला. “बाकीचे सेकंद किंचित लांबवायचे. कुणाच्या लक्षातही येत नाही.”

“इथे लक्षात यायलाच हवं. धक्का कधी बसला, हे गुळमुळीत सांगून चालत नाही.”

दुरुस्तीसाठी तो रोज येऊ लागला. जर्दाळू आणायचा, कोडची एखादी ओळ बदलायचा, तिच्याकडे बघत चहा प्यायचा. काम दोन-तीन दिवसांचं, हे तिला केव्हाच कळलं होतं. ते मुद्दाम लांबतंय, याच्या तिला गुदगुल्याच होत होत्या. पण महिना सरत आला तरी स्वारी बोलायचं नाव घेईना. काम संपलं की हा डोंगर उतरून कायमचा जाणार, या विचाराने तिचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी वैतागून तिने सुट्टीच्या दिवशी सगळी दुरुस्ती स्वतःच करून टाकली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यापुढे चहाची वाटी काठोकाठ भरून ठेवली. पाहुणा हवासा असला की आमच्या अल्माटीकडे वाटी अर्धीच भरतात, त्याने पुन्हा मागावा म्हणून. भरलेल्या वाटीचा अर्थ एकच — प्या आणि निघा. मिरासचा चेहरा खर्रकन उतरला.

“काम झालं,” ती म्हणाली. “मीच केलं. आता... यायचं कारण उरलं नाही.”

“पण मी उद्या—”

“उद्या काय? आणखी एक ओळ? महिनाभर पसरवून झालं, मिरास. काय ते एकदाच बोल, नाहीतर चहा संपव.”

त्याने वाटीकडे पाहिलं, खिडकीबाहेरच्या ओल्या डोंगराकडे पाहिलं. कुठूनच मदत येईना.

“मला तू आवडतेस,” तो एका दमात म्हणाला. “त्या थांब्यावरच आवडलीस. दुरुस्ती तिसऱ्या दिवशीच झाली होती... मी रोज घरी जाऊन ती मोडत होतो.”

“मोडत होतास? आणि मी अख्खी सुट्टी फुकट घालवली!” तिला हसू आवरेना, डोळे मात्र भरून आले. “रविवारी घरी ये. आईशी गाठ घालून देते.”

“काय काम काढून येऊ?” त्याने अगदी भाबडेपणाने विचारलं.

अक्बोताने त्याचा हात हातात घेतला. “कामाशिवाय ये रे... मला तू हवा आहेस.”