हरकतबाई

त्याने फाईल टेबलावर ठेवली, तशी ती घसरत घसरत थेट तिच्या मांडीत येऊन पडली.

"कशाने माखलीय ही?" तिने बोटं झटकत विचारलं.

"मेण चोळलंय, मॅडम. बाहेर पाऊस आहे… म्हटलं, कागद भिजायला नकोत."

"सरकारी कागदांना तेल, तूप, मेण काही लावायचं नसतं."

"बरं. मग पावसाला एक नोटीस काढता का?"

शेजारच्या टेबलावर भाऊसाहेबांचं पेन थांबलं. तिच्याशी असं बोलायची त्या कचेरीत कुणाची छाती नव्हती. तिने मान वर केली. भिजलेले केस, हसरे डोळे, आणि अंगठ्याच्या नखावर वाळलेला मेणाचा एक थेंब… ती त्या थेंबाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग फाईल उघडून म्हणाली, "नकाशात जिना दाखवलेला नाही. दाखवून आणा."

छोटा कारखाना काढायचा तर त्या परवाना कचेरीत अर्जाला सात टेबलं फिरावं लागे. चौथं टेबल छाननीचं, म्हणजे हिचं. हिच्या हातून एकही फाईल हरकत लागल्याशिवाय पुढे सरकली नव्हती. म्हणून कचेरीने हिचं बारसं परस्पर उरकून टाकलं होतं: हरकतबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं. ज्याला त्याला नावं थोडीच पडतात!

त्याचा कारखाना मेणबत्त्यांचा. मेणबत्तीवाला नकाशात जिना काढून घेऊन आला. मग म्हणे दुसऱ्या पानावर सही नाही. सही घेऊन आला, तर जागेच्या मालकाचं संमतीपत्र जुनं. ते आणलं, तर साक्षीदाराचा पत्ता अपुरा. खरं सांगायचं तर या सगळ्या त्रुटी तिला पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या. पण एकदम सांगितल्या असत्या, तर माणूस एकदाच आला असता. उधारी एका दमात वसूल केली की गिऱ्हाईक तुटतं, हे कुठलाही दुकानदार सांगेल.

तो यायचा. येताना मेणाचा मऊ, कोमट वास घेऊन यायचा.

"आज काय राहिलं, मॅडम?"

"बसा. बघू द्या."

"बघा सावकाश. मी काही उठायच्या घाईत नाही."

ती कागदात डोकं घालायची आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. भाऊसाहेब निवृत्तीला टेकलेले. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. "बाई, या फाईलचं बाड फार वाढलं हं," ते म्हणायचे, "आता हिला स्वतंत्र कपाट लागणार."

आणि मग वरून आदेश आला. कामकाज सुलभ करायचं. सात टेबलांची फेरी बंद. सगळे अर्ज एकाच खिडकीवर. अर्जदाराने आत यायचं नाही, टेबलावरच्या माणसाने अर्जदाराला परस्पर भेटायचं नाही. त्रुटी काढायच्या त्या सगळ्या एकदाच काढायच्या, तुकड्यातुकड्याने नाही. आणि मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, तर परवाना मिळाला असं मानायचं.

चार दिवसांत कचेरीच्या मधोमध काचेची भिंत उभी राहिली. अलीकडे टेबलं, पलीकडे लोक. काच इतकी जाड की आवाज पलीकडेच राहायचा.

"लोकांचे हेलपाटे वाचले म्हणे," भाऊसाहेब म्हणाले.

"चांगलंच झालं," ती म्हणाली. एखाद्याच्या घरी समाचाराला गेल्यावर बोलतात, त्या आवाजात.

चांगलं झालंच होतं, हे तिलाही दिसत होतं. महिनोन् महिने खेटे घालणारी माणसं आता हसत बाहेर पडत होती. म्हणून तर तिला जास्त राग येत होता. वाईट गोष्टीवर निदान उघडपणे चिडता तरी येतं.

काचेपलीकडच्या त्या एका खिडकीवर मुख्यालयातून एक तरुण अधिकारी आली. चुणचुणीत, नीटनेटकी, कपाळावर एक आठी नाही. कचेरीने तिचंही बारसं केलं: सुलभबाई.

नव्या पद्धतीत जुने अर्ज पुन्हा भरायचे होते. तेव्हा एका दुपारी काचेपलीकडे तो दिसला. खिडकीवर कोपर टेकून उभा. तो काहीतरी बोलला. सुलभबाई हसली. तो परत बोलला. सुलभबाई मान मागे टाकून हसली. आवाज नाही, नुसतं हसणंच हसणं… जणू दात घासायच्या पावडरीची जाहिरात.

"एका अर्जात इतकं हसण्यासारखं असतं तरी काय?"

"त्यांना परिपत्रक आहे," भाऊसाहेब म्हणाले. "हसतमुख सेवा."

"दात किती दाखवायचे, तेही लिहिलंय का परिपत्रकात?"

तो पुन्हा आला. परत आला. ज्या पद्धतीत माणसाला एकदाच यावं लागतं, त्या पद्धतीत हा तीनतीनदा कशाला येतो? तिच्या टेबलाशी बसायचा, तेव्हा निदान त्रुटी तरी होती! आता कुठल्या निमित्ताने? एकदा त्याने काचेतून आत बघून हात किंचित वर केला. तिने चटकन मान खाली घातली आणि कोऱ्या कागदावर शिक्का मारला. वर बघेतो तो गेला होता… आणि सुलभबाईच्या खिडकीवर एक पिवळी, गोलसर मेणबत्ती ठेवलेली होती.

पिवळी! तिच्या टेबलावर त्याने कधी साधी वातसुद्धा ठेवली नव्हती.

त्या संध्याकाळी घरी दिवे गेले. वहिनीने मेणबत्ती पेटवून आणली, तर ही फुंकर मारून मोकळी.

"अगं! आता मेणबत्तीने काय केलं तुझं?"

"वास सहन होत नाही मला."

अंधारात वहिनी हसली. "आजवर जो मुलगा सुचवला, त्याच्यात तू त्रुटी काढलीस. एकाचे कान मोठे, एकाची चाल वाकडी. पहिल्यांदाच बघतेय, माणूस सोडून मेणबत्तीवर राग काढतेयस. कोण आहे गं?"

"कुणी नाही. झोप तू."

दुसऱ्या दिवशी त्याचा नवा अर्ज तिच्या संगणकावर आला. नीट, पूर्ण, एकही सही चुकलेली नाही. तिला वाटलं, सुलभबाईने शेजारी बसवून भरून घेतला असणार. सोबत एका हॉटेलचं पत्र होतं: परवाना दाखवलात तर वर्षभराच्या मेणबत्त्यांचा करार, नाहीतर दुसरा माणूस बघू. करार उद्या दुपारी. हरकतीची मुदत आजच संपत होती. आज हरकत घेतली नाही, तर सकाळी परवाना निघणार. घेतली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून.

ती त्रुटी शोधू लागली. लाज वाटण्याजोग्या नेटाने शोधू लागली. आणि सापडली.

मागचं दार. मेण वितळवायची कढई पुढे, तिच्यामागे कामाची जागा, आणि संकटात पळायचं ते एकच मागचं दार. नकाशात ते आतल्या बाजूला उघडत होतं, आणि इतक्या वेळा बघूनही ते आजवर तिच्या नजरेला आलं नव्हतं.

ती काचेशी गेली आणि तिच्यातली सरकती फट उघडून पलीकडच्या सुलभबाईला सांगितलं.

"नियमात बसतं?" सुलभबाईने विचारलं.

"बसतं."

"मग घ्या हरकत. त्याचा करार जाईल, पण घ्या." सुलभबाई जरा घुटमळली. "राग मानू नका, ताई. सगळी कचेरी म्हणते, त्या फाईलवर तुमचा विशेष लोभ आहे. म्हणून विचारते, दार खरंच चुकलंय ना?"

ती टेबलाशी परत आली. आजवर इतक्या लटक्या हरकती घेतल्या की खरीवर कुणाचा विश्वास बसेना. आणि तिचा स्वतःचा तरी कुठे बसत होता? बारा आणे दार होतं आणि चार आणे मत्सर… की उलट? हरकत घ्यावी, तर त्याचं पोट मारलं. सोडावी, तर उद्या ती कढई पेटली की—

"भाऊसाहेब, मला अर्धी रजा हवीय."

"टेबलावरच्या माणसाने अर्जदाराला भेटायचं नाही," भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले. "पण रजेवरच्या माणसाने मेणबत्ती विकत घेऊ नये, असं कुठे वाचलं नाही बुवा मी."

कारखाना म्हणजे दुकानांच्या रांगेमागची एक लांबट खोली, वर पोटमाळ्याला जाणारा तो जिना. बाहेर भुरभुर चालू होती. आत कढईची ऊब, साच्यांच्या रांगा, आणि मागे दोन बायका खाली बसून वाती कापत होत्या. तो हॉटेलला दाखवायच्या नमुन्यांसाठी साच्यात मेण ओतत होता. तिला बघून धार चुकली.

"मॅडम? तुम्ही… इथे?"

"मेणबत्ती घ्यायला आलेय."

"कुठली देऊ?"

"पिवळी. खिडक्यांवर ठेवता ती." बोलून गेल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. "ते राहू द्या. आधी दार. तुमचं मागचं दार आत उघडतं."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. "परत त्रुटी? मॅडम, उद्या करार आहे माझा. जिना काढून दिला, सह्या दिल्या, साक्षीदार धरून आणला. आता तरी सोडा मला."

सोडा मला. हे तिला मेणाच्या चटक्यापेक्षा जास्त लागलं. पण ती हलली नाही. "त्या दोघींना म्हणावं, आग लागलीय असं समजा आणि दाराकडे पळा."

दोघी खिदळत उठल्या, एकमेकींना ढकलत पळाल्या आणि दारावर जाऊन आदळल्या. एकीने कडी काढली, दार ओढलं. ते हलेना. दुसरी पाठीमागून रेटत होती, पहिली दाराला चिकटली होती, आणि दार आत उघडायला जागाच उरली नव्हती.

खिदळणं थांबलं. त्याने कढईकडे बघितलं, मग दाराकडे. त्याने हत्यारांची पेटी ओढली.

बायका चहाला गेल्या. तो बिजागऱ्या खोलू लागला आणि तिने दाराचा भार दोन्ही हातांनी पेलला. दाराच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. बोलायला हे बरं होतं. तोंड दिसत नव्हतं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खिडकीवर सारखे कशाला जात होता?"

"विचारायला."

"काय?"

"चौथ्या टेबलावरच्या मॅडमना भेटायचं तर कुठला अर्ज भरायचा." पेचकस थांबला. "त्या इतक्या हसल्या! म्हणाल्या, अहो, अर्जदाराने टेबलाला भेटायचं नाही, एवढ्यासाठीच तर सरकारने ही काच बसवलीय."

तिच्या हातातलं दार किंचित कललं.

"आणि मेणबत्ती?"

"तुमच्यासाठी आणलेली. आत पोचवा म्हटलं. तर म्हणाल्या, अर्जदाराकडून आत काही जात नाही, परवाना हाती पडला की घेऊन जा. अजून तिथेच आहे बिचारी. धरा नीट, पडेल ते."

ती दाराला कपाळ टेकून उभी राहिली. इतके दिवस जपून साठवलेला मत्सर असा एका क्षणात खोटा ठरावा, याचाही तिला जरा रागच आला.

"मलाही एक सांगायचंय," ती म्हणाली. "त्या त्रुटी… मला सगळ्या पहिल्या दिवशीच दिसल्या होत्या."

"माहितीय."

"माहितीय?"

"सही, पत्ता… मॅडम, पहिल्या फेरीनंतर मलाही सगळं दिसलं होतं, पण तुम्ही मागेपर्यंत मी मुद्दामच तसंच ठेवत होतो. पहिला जिना तेवढा खरंच राहून गेला होता. पुढे तुम्ही एकेक मागणार आणि मी एकेकच आणणार, असं चाललं होतं आपलं."

"म्हणजे हे दारही—"

"नाही." त्याचा आवाज बदलला. "हे खरंच चुकलं. आणि ते तुम्हालाच दिसलं."

बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आल्या, शेवटचा स्क्रू बसला. त्याने दार लोटलं. ते अलगद बाहेर उघडलं आणि भुरभुरता पाऊस दोघांच्या चेहऱ्यांवर आला. आता मध्ये दार नव्हतं.

"फोटो काढून आत्ताच खिडकीवर पाठवा," ती घाईघाईने म्हणाली. "सकाळी माझ्यासमोर आला की माझी काही हरकत नाही. दुपारी करार करा. सुलभ झालंय ना आता सगळं!"

"परवान्याला हरकत नाही. आणि माझ्याबद्दल?" त्याने कपाळावरचं पाणी पुसलं, तसा मेणाचा एक ठिपका तिथे लागला. "काही त्रुटी असतील तर सांगून टाका, मॅडम. सगळ्या एकदम. तसा नियमच आहे."

ती त्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग हात पुढे केला आणि नखाने तो हळूच खरवडून काढला.

"पहिली त्रुटी. मॅडम म्हणायचं नाही."

"बरं. आणि बाकीच्या?"

"बाकीच्या आज नाही सांगणार," ती म्हणाली. "रोज एक सांगेन. तुला यावं लागेल."