एकदाच ऐकवा

संध्याकाळची तपासणी आटोपली होती. डॉक्टरीणबाई निघून गेल्या होत्या आणि प्रसूतिगृहातली सिस्टर तपासणीच्या टेबलावरचा कागद बदलत होती. तिला स्वतःलाच सातवा महिना होता. दिवसभर दुसऱ्यांच्या बाळांचे ठोके शोधायचे, त्यांच्या नवऱ्यांना ऐकवायचे, हे तिचं काम. तिचा नवरा मात्र अजून एकदाही तिच्या पोटाला हात लावायला धजावला नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारा, अनाथाश्रमात वाढलेला माणूस. "माझे हात राकट आहेत गं," म्हणायचा आणि तिच्या हातातली बादली हिसकावून घ्यायचा. बाप कसा असतो हे त्याने पाहिलंच नव्हतं. आणि आई होणं जमेल की नाही, या धास्तीने तिचीही झोप उडाली होती. पण बोलायचं कुणापाशी?

तिने वर पाहिलं. दारात एक बाई उभी होती. दिवस भरलेले, केस ओले, पाय अनवाणी.

"तपासणी संपली हो. उद्या या."

"एकदाच ऐकवा ना, सिस्टर... लांबून आलेय."

सिस्टरला राहवलं नाही. तिने दाराला आतून कडी घातली, बाईला टेबलावर निजवलं आणि पोटावर ठोके ऐकायचं यंत्र फिरवलं. नुसती खरखर. डावीकडे, उजवीकडे, खाली... खरखरच. बाळाचे ठोके कधी कधी सापडत नाहीत. पण मग आईची नाडी तरी धपधपते. इथे तीही नव्हती.

"माझं राहू द्या," बाई हळूच म्हणाली. "तुमचं ऐकवता?"

पळून जावं असं सिस्टरला वाटलं. पण सात महिन्यांत तिच्याकडे हे कुणी मागितलंच नव्हतं. तिने यंत्र स्वतःच्या पोटावर टेकवलं. खोलीभर ठोके दुडदुडू लागले.

बाईने डोळे मिटले. मग हात पुढे करून सिस्टरच्या पोटावर ठेवला. कापडातून आत उतरत जाणारा गारवा...

"मला ऐकायलाच मिळालं नव्हतं," ती म्हणाली.

सिस्टरने यंत्र बंद करायला मान वळवली, तेवढीच. टेबल रिकामं होतं. कागदाला सुरकुतीसुद्धा नव्हती. आणि कडी तशीच, आतून लावलेली.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही की चिडलाही नाही. बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसला.

"एक परकी बाई हात ठेवून गेली... आणि मी?"

तो तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. जपून, भीत भीत त्याने हात ठेवला, मग कान टेकवला. तिने त्याच्या केसांत बोटं घातली. इतके दिवस तिला हेच तर हवं होतं.

थोड्या वेळाने त्याची मान ताठ झाली.

"तू काही बोलतेयस?"

"नाही."

"बाईचा आवाज आहे... आत."

तिने त्याचं डोकं दूर केलं नाही. "काय म्हणतेय?"

"मोजतेय. हळूहळू... बोटं मोजतात ना बाळाची, तशी."

"किती झाली?"

तो श्वास रोखून ऐकत राहिला.

"दहा," तो म्हणाला. "...आणि आता पुन्हा पहिल्यापासून."