नुन्त्सियाचा कोनाडा

शनिवारी आईला हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं आणि तिच्या खाटेला जागा नव्हती. एवढीच गोष्ट होती. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, कूस बदलायची तर दोन नर्सना धरावं लागायचं. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून तिला तिच्या माहेरी, टेकडीवरच्या त्रुल्लोत, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या दगडी घरात, ठेवायचं ठरलं. तिथे एकही पायरी नाही. जाड दगडी भिंती, वर शंकूसारखं दगडी छप्पर, भर ऑगस्टमध्येही गारवा.

माहेरी मार्तिनोमामा आणि कोमाझियामावशी. दोघंही सत्तरीची, दोघंही बिनलग्नाची. आमच्याकडे झोपायचे कोनाडे भिंतीच्या जाडीतच असतात, पुढे पडदा. एक मामाचा, एक मावशीचा. चुलीजवळचा तिसरा कोनाडा दगड रचून बंद केलेला.

"तो उघडते," मी म्हणाले. "आईची खाट बरोबर बसेल."

"नको," मामा म्हणाला.

"का?"

"बंद आहे म्हणून."

आयुष्यभर लोकांची छपरं रचलेला माणूस, दगडावर दगड, मधे चुना नाही की माती नाही. पण एका प्रश्नाचं सरळ उत्तर देईल तर शपथ.

"बंद केला कोणी?"

"बाबांनी. नुन्त्सिया गेली त्या वर्षी."

नुन्त्सिया ही त्यांची धाकटी बहीण. चार वर्षांची असताना तापाने गेली. ती आणि माझी आई त्या कोनाड्यात एकत्र झोपायच्या.

"तिला पुरलंय कुठे?"

"दफनभूमीत. आजीशेजारी."

"मग इथे काय आहे?"

"काही नाही," मावशी शेंगा सोलता सोलता म्हणाली. "म्हणून तर बंद ठेवायचं."

या घरात वाक्यं मिळतात, उत्तरं मिळत नाहीत. मी भांडले. मामा म्हणाला, "बारी शहरातल्या कॉलेजात पाच वर्षं हेच शिकलीस का, मोठ्यांच्या भिंती फोडायला?"

"फोडत नाहीये, उतरवतेय. ते कॉलेजने नाही, तूच शिकवलंस."

तो टोपी डोळ्यांवर ओढून झोपायला गेला.

शुक्रवारी जेवणं झाली. एक ते चार आमच्या भागात कोणी बाहेर पडत नाही. ते तास आपले नसतात, असं म्हातारी माणसं म्हणतात. मला मात्र ते सोयीचे होते, अडवायला कोणी जागं नसतं. वरून सुरुवात केली. प्रत्येक दगडावर खडूने नंबर घालायचा, उचलायचा, क्रमाने जमिनीवर मांडायचा. हातोड्याची गरजच नव्हती. फक्त दगडावर दगड घासल्याचा आवाज आणि बाहेर रातकिड्यांसारखी किर्र करणाऱ्या उन्हातल्या किड्यांचा. अकराव्या दगडाला ती किर्र थांबली.

आतून वास आला. मला वाटलं होतं उंदरांचा असेल, कुबट असेल. तो ताज्या चुन्याचा होता. घशात बसणारा.

टॉर्च मारला. रिकामा कोनाडा, पांढऱ्या भिंती. मला हायसं वाटलं आणि मग संताप आला. या रिकाम्या पोकळीसाठी माझ्या आईने दारात पडून राहायचं? दगड काढून आत शिरले, भिंतीवर तळहात टेकला. तळहात पांढरा झाला. भिंत ओली होती.

दरवर्षी ईस्टरच्या आधी घराला आतून चुना मारतात. वर्षांमागून वर्षांचे थर चढतात. मी खिळ्याने खरवडून पाहिलं. गुडघ्याच्या खाली इतके थर होते की पन्नाशीनंतर मोजायचं सोडून दिलं. वर वर ते कमी होत गेले. प्रत्येक थराची कड आधीच्यापेक्षा जराशी उंच होती, त्या वर्षी हात जिथवर पोचला असेल तिथवर. सगळ्यात वरच्या पट्ट्यात एकच थर होता, ओला. त्याला हात लावायला मला हात पूर्ण उंच करावा लागला.

कोनाडा अठ्ठावन्न वर्षं बंद होता.

मागे मावशी उभी होती. अनवाणी.

"मावशी, आत ओला चुना आहे."

कोणी लावला, असं तिने विचारलंच नाही.

"कुठपर्यंत?"

"माझा हात पोचतो तिथपर्यंत."

ती हळूच खुर्चीवर बसली. "मोठी झाली गं..."

"कोण मोठी झाली? एकदा तरी नीट बोल."

"आवाज नको..."

मामाच्या पडद्याआडून आवाज आला. तो झोपलेला नव्हताच. "दगड परत लाव, दोनाता. चारच्या आत."

"आणि आईला कुठे ठेवू?"

मामाने पडद्याची फट आतून बंद केली. हेच, नेहमी हेच. मी दगड लावले नाहीत. भिंती कोरड्या फडक्याने पुसल्या आणि खाट आत सरकवली.

शनिवारी आई आली. उघडा कोनाडा तिने पाहिला. ती तरी घाबरेल, रडेल, काहीतरी सांगेल, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मला मधे नको निजवूस. कडेला निजव."

"कडेला पडशील, आई." मी तिला मधोमध उताणी निजवली आणि वळू नये म्हणून दोन्ही बाजूंना उश्या खोचल्या.

रविवारी जेवणानंतर पडदा लावून मी बाहेर खुर्चीत बसले. डोळा लागला असावा. जाग आली ती आईच्या आवाजाने. दुखणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता तो. चिडक्या, झोपाळलेल्या मुलीचा होता.

"सरक की जरा... सगळी जागा तुलाच..."

मी पडदा ओढला. आई खाटेच्या अगदी कडेला होती, कुशीवर, मोडलेल्या पायावर, तोंड भिंतीकडे. गाढ झोपेत. उश्या जमिनीवर एकावर एक नीट ठेवलेल्या. आतली अर्धी खाट रिकामी होती. पण गादी तिथे दबलेली होती, डोक्यापासून पायापर्यंत, चांगल्या उंच बाईच्या लांबीची.

मी बघत असतानाच वरचा खळगा हळूहळू भरून आला, कोणी उठून बसावं तसा. मग पायांकडचा.

कोनाड्यातून बाहेर यायला एकच वाट होती, आणि त्या वाटेत मी उभी होते.