सात सेकंदांचं मौन

दवाखान्याच्या बाकावर बसून एक माणूस पेपर वाचता वाचता एकटाच हसत होता. बरं, हसणंही साधं नव्हे. एका हाताने रुमाल नाकाला लावलेला, दुसऱ्या हातात पेपर, आणि खांदे गदगदा हलतायत. समोरच्या आजी त्याच्याकडे अशा बघत होत्या, की डॉक्टरांनी ह्याला आधी आत घेतलं तर आपली काही हरकत नाही.

शेजारी बसलेल्या बाईने सहज पेपरात डोकावलं आणि तिची नजर तिथेच अडकली. तो तिचाच लेख होता.

आईचा रक्ताचा रिपोर्ट घ्यायला ती आली होती. एरवी ती एका दैनिकात काम करायची. पुढाऱ्यांच्या भाषणांची चिरफाड करायचं तिचं सदर होतं, ‘शब्द मोजून’. भाषणात ‘मी’ किती वेळा आला, ‘आपण’ किती वेळा, आवाज कुठे उतरला, टाळ्या कुठे मागून घेतल्या… सगळं ती मोजायची. गळ्यात खरंखुरं घड्याळ लटकलेलं असायचं, म्हणून ऑफिसात तिला ‘स्टॉपवॉच’ म्हणत. तीन महिन्यांचा वायदा होता. सदर चाललं तर रविवारचं अख्खं पान कायमचं तिचं. आणि पक्षाच्या अध्यक्षांच्या भाषणावरचा कालचा लेख तर लोकांनी डोक्यावर घेतला होता.

“इतकं विनोदी आहे का हो?” तिने विचारलं. आवाज शक्य तितका थंड ठेवून.

“विनोदी? अहो, ऐका तर!” तो मोठ्याने वाचू लागला. “‘पुरात स्वतःचं घर सोडून ज्यांनी दुसऱ्यांची घरं वाचवली, त्यांच्यासमोर मी… आणि इथे अध्यक्ष थांबले. सात सेकंद. मागच्या भाषणात एक्केचाळीस वेळा मी म्हणणारा हा नेता पहिल्यांदाच त्या शब्दापाशी थबकला. ते मौन म्हणजे त्यांचं आजवरचं सर्वांत प्रामाणिक वाक्य होतं.’” त्याने डोळे पुसले. “लिहितात छान हं बाई. फक्त… ते मौन अध्यक्षांचं नव्हतं. माझं होतं.”

“तुमचं?”

“म्हणजे माझ्या शिंकेचं.”

मग त्याने नाक पुसत पुसत सगळं सांगितलं. अध्यक्षांच्या दोन बाजूंना दोन तिरक्या काचा उभ्या असतात ना? लोकांना त्या नुसत्या काचा दिसतात. बोलणाऱ्याला मात्र त्यावर भाषण दिसतं, ओळी हळूहळू वर सरकत जातात. त्या ओळी सरकवणारा माणूस हा. मंचाच्या बाजूला बसून तो हाताने एक चाक फिरवतो, बोलणाऱ्याच्या चालीने.

“आणि माझी शिंक एकटी येत नाही, तिघी बहिणी असतात,” तो म्हणाला. “पहिलीला हात उडाला, भाषण चार परिच्छेद पुढे! उरलेल्या दोघींना वाट करून देऊन ते मागे आणेपर्यंत सात सेकंद. तोवर साहेब बिचारे आभाळाकडे बघत उभे. आणि ह्या बाई म्हणतात, प्रामाणिक वाक्य!” तो पुन्हा हसला. “कुणाला सांगू नका हं. तुम्ही काय करता?”

तिने लेखाखालच्या नावावर बोट ठेवलं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात त्याचा नंबर पुकारला गेला, आणि तो रुमाल, पेपर, छत्री सगळं गोळा करत उठला, दोन पावलं गेला, परत आला.

“आता… छापणार?”

“माझी चूक झाली की मी दुरुस्ती छापते,” ती म्हणाली. “आजवर दोनदा छापलीय.”

“मग मी गेलो कामातून.” पण डोळ्यांत अजून हसू होतं. “छापायच्या आधी एकदा माझं काम तरी बघा. शनिवारी दुपारी, मोठ्या सभागृहात. तालीम असते. …याल?”

जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. संपादकांनी दुपारी तिला बोलावून “मौनावरचा लेख म्हणजे कमाल!” म्हटल्यावर तर तिला खरं सांगून टाकायचं होतं. जीभ रेटली नाही. घरी आईने रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, “माझी साखर ठीक आहे. तुझं काय बिनसलंय?”

“काही नाही.”

“कोण आहे?”

“आई! एका माणसाला सर्दी झालीय, एवढंच.”

“अगं बाई,” आई म्हणाली. “म्हणजे बरंच पुढे गेलंय.”

शनिवारी ती गेली. म्हणे कामासाठी. मग नवी ओढणी कशाला, हे तिला कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

सभागृह रिकामं होतं. हजार खुर्च्या आणि मंचावर तो, गुडघ्यावर बसून काच पुसणारा. तिला पाहताच उठला, हात पँटला पुसले.

“सर्दी?” तिने विचारलं.

“गेली. तुम्हाला पाहून पळाली.”

“भाषणं लिहिताही की काय?”

“छे. नुसती सरकवतो. अकरा वर्षं.”

पण बोलायला लागला तसं तिच्या लक्षात आलं, की भाषणाबद्दल ह्या माणसाला तिच्यापेक्षा जास्त कळतं. ती शब्द मोजायची, त्याला श्वास पाठ होते. अध्यक्ष ‘बंधुभगिनींनो’ म्हणायच्या आधी उजव्या पायावर भार देतात. आकडे खोटे असले की भराभर वाचतात, खरे असले की एकेक. मनापासून बोलायचं असलं की काचेकडे बघतच नाहीत, मग तो चाक सोडून देतो.

“हे तुम्ही कुणाला सांगत का नाही?”

“विचारलं कुणी?” तो म्हणाला. “या, इथे उभ्या राहा. वाचा.”

काचेवर तिचाच लेख होता. ती वाचू लागली. गंमत म्हणजे ओळी तिला कुठेच घाई करत नव्हत्या, मागेही रेंगाळत नव्हत्या. ती थांबली की थांबायच्या, निघाली की निघायच्या. कुणीतरी आपल्या पावलाला पाऊल लावून चालावं तसं वाटलं तिला. इतक्या वर्षांत तिचं बोलणं इतक्या लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

“तुम्ही ‘पण’च्या आधी थांबता,” तिकडून त्याचा आवाज आला. “दर वेळी. बारीक श्वास घेता.”

“मी? मुळीच नाही. …पण—”

“बघा!”

दोघंही हसले. तिने पुढे वाचायला सुरुवात केली, अगदी भाषणाच्या थाटात, हात वर करून: “…आणि म्हणूनच नागरिकहो, संध्याकाळी चहाला याल का, इथे जवळच एक बरं दुकान आहे…”

तिचा हात वरच राहिला. काचेवर पुढे काहीच नव्हतं. चाकामागून दोन डोळे तेवढे दिसत होते, आणि कान लाल झालेले.

“हे माझ्या लेखात नव्हतं,” ती म्हणाली.

“संपादकांनी गाळलं असेल.”

चहाला ती गेलीच असती. पण त्याने यंत्र बंद करायला पान पुढे सरकवलं आणि काचेवर सोमवारच्या सभेचं भाषण आलं. मधेच एक कंस होता. त्यात लिहिलं होतं: मौन, सात सेकंद.

“हे काय?”

त्याने मान खाली घातली. “तुमचा लेख आल्यापासून… प्रत्येक भाषणात एक घालायचं, असा वरून हुकूम आहे.”

तिने कपाळाला हात लावला. म्हणजे एक शिंक तिने थोर ठरवली, आणि आता दर सभेत हजारो माणसं त्या शिंकेपुढे डोळे पुसणार!

“मला दुरुस्ती छापावीच लागेल,” ती म्हणाली. “हे आता नुसतं माझ्या लेखापुरतं राहिलं नाही.”

“तुमची दुरुस्ती चार ओळींची,” तो हळू म्हणाला. “माझी अकरा वर्षं आहेत.”

“माझंही रविवारचं पान जाईल.”

“पान दुसरं मिळतं हो. दुसऱ्याचा श्वास ओळखायला… बरं, जाऊ दे.” तो वळून तारा गुंडाळू लागला. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं, पण सगळं ‘पण’ने सुरू होत होतं. ती निघून आली.

सोमवारी मैदानावर रिमझिम होती. पत्रकारांच्या खुर्च्यांवरून तिला तो तिरका दिसत होता, मंचाच्या कडेला, मान खाली, हात चाकावर. अध्यक्ष बोलता बोलता ठरल्या जागी आले, आणि थांबले.

तिने घड्याळ दाबलं. एक… दोन… सगळं मैदान चिडीचूप. छत्र्यांवर पावसाचा बारीक आवाज. तीन… आणि त्याने मान वर केली. गर्दीतून नेमकं तिला शोधून तो बघत राहिला. रागाने नाही. नुसतं. चार. पाच. हजारो लोकांना वाटत होतं मौन आपल्यासाठी आहे, आणि तिला मात्र आपले कान तापल्याचं जाणवत होतं. तिला तेव्हा स्वच्छ कळलं, की हा माणूस तिला आवडतो. सहा.

मग दोघांनीही एकदमच अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांचा हात समोरच्या मेजाच्या कडेला घट्ट आवळलेला होता आणि डोळे काचेवर खिळले होते. पुढची ओळ येईल की नाही, ह्या धास्तीने माणूस बघतो तसे. ह्यात वक्तृत्व कसलं? हा माणूस घाबरलाय, तिला वाटलं. कशाला, ते मात्र कळेना.

मंगळवारी सकाळी तिने दुरुस्ती लिहून काढली. कुणाचं नाव न घेता. तरी त्याला आधी दाखवल्याशिवाय द्यायची नाही, म्हणून कागद घेऊन ती ऑफिसचा जिना उतरू लागली. आणि मधल्या वळणावर तो चढून येताना भेटला, खांदे भिजलेले, धापा टाकत.

“मी तुमच्याकडेच—” दोघं एकदम म्हणाले.

“आधी तुम्ही,” ती म्हणाली.

“मी साहेबांना सांगून आलो. शिंकेचं.”

तिने कठडा धरला. “काढलं तुम्हाला?”

“ऐका तर. काल त्यांचा हात पाहिलात ना? मग मला राहवेना. सांगितलं, त्या दिवशी काचेवरच्या ओळी पुढे गेल्या होत्या साहेब, चूक माझी. त्यांनी तीनदा वदवून घेतलं. शिंक? नक्की? काचेवर पुढचे शब्द नव्हतेच? आणि मग मटकन खाली बसले.” त्याचा स्वर उतरला. “त्यांच्या वडिलांना म्हातारपणी काही आठवेनासं झालं होतं. साहेब समजत होते, आपलंही सुरू झालं. पुढचे शब्द समोर होते आणि आपल्याला सापडले नाहीत. लपूनछपून डॉक्टरही गाठला होता. मौनाचा कंस का, तर पुन्हा तसं झालं तर लोकांना ते ठरवलेलं वाटावं.”

“अरे देवा.”

“हसले मग. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. म्हणाले, त्या सभेपासून झोप नाही रे बाबा, आणि तुला नुसती सर्दी! मला दोन गोष्टी बजावल्यात. औषध घेऊनच चाकाला हात लावायचा, आणि तो कंस काढून टाकायचा.” त्याने भिजलेले खांदे झटकले. “तुमची दुरुस्ती छापा म्हणाले. शिंकेपुरती.”

तिचा जीव भांड्यात पडला. वडिलांची गोष्ट छापली असती तर गावभर गाजली असती, हे तिला दिसत होतं. तिने कागद उघडला, जिन्यावरच बसली आणि एक ओळ बदलली. वडिलांचं अक्षरही नाही. त्याला वाचायला दिलं: ‘ज्या मौनाला मी अध्यक्षांचं सर्वांत प्रामाणिक वाक्य म्हटलं, ते पडद्यामागच्या एका शिंकेमुळे घडलं. सेकंद मी बरोबर मोजले, अर्थ चुकीचा लावला. चूक सर्वस्वी माझी.’

संपादकांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “रविवारचं पान आत्ता नाही. आणखी तीन महिने बघू.” आणि ती दारापर्यंत गेल्यावर, “सदर चालू राहू दे मात्र. मोजत राहा.”

तो जिन्यावरच थांबला होता, तिच्या घड्याळाकडे बघत.

“गेलं?”

“लांबलं,” ती म्हणाली. “चहाचं ते दुकान उघडं असेल का?”

“असेल. चला.”

“थांब. एक वाक्य राहिलंय.” थांबा म्हणायचं सोडून ती थांब म्हणून गेली होती, आणि आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. “मला… तू…”

शब्द अडले. दुसऱ्यांच्या भाषणांवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या बाईला पुढचा एक शब्द सापडेना. खालून जाणाऱ्या शिपायाने मान वर करून पाहिलं आणि तो पुढे गेला.

अकरा वर्षं लोकांसमोर पुढचा शब्द आणून ठेवणारा तो माणूस काही बोलला नाही. हात खिशात घालून, भिंतीला टेकून, तिच्या श्वासाकडे लक्ष देत नुसता उभा राहिला. घाई नव्हती त्याला.

“…आवडतोस,” ती म्हणाली.

तो हसला, अगदी दवाखान्यात हसला होता तसा, खांद्यांसकट. “किती सेकंद झाले?”

तिने गळ्यातलं घड्याळ उचलून पाहिलं. ते सुरू करायचं ती विसरली होती.