नित्याचा ट्यूना

तंजावूरच्या जुन्या बसस्टँडवरून सुटलेल्या टाउन बसमध्ये इतकी गर्दी होती, की वासुकीचा गजरा केसांतून कधी निघाला ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा तो पुढच्या माणसाच्या खांद्यावरच्या लांबलचक नळीच्या टोकाला लोंबत होता! आणि तो माणूस फोनवर चक्क मराठीत सांगत होता, “होय अम्मा, येतोंच.”

“अहो… माझी फुलं!” तीही मराठीतच ओरडली.

तो वळला. नळीही वळली आणि कंडक्टरच्या डोक्याला लागली. त्या हशातच ओळख झाली.

तो सेतुमाधव. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. नळीत मासे धरायचे गळ होते. दर रविवारी नागपट्टणमहून बोटीनं खोल समुद्रात जायचं, ट्यूना धरायचा आणि सोडून द्यायचा, हा त्याचा छंद. “अम्मा घरात मासा येऊ देत नाही ना!”

“सोडायचा, तर धरायचा कशाला?”

“एकदा येऊन बघा.”

वासुकी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. त्याच आठवड्यात सेतुमाधवाला एकाएकी अंधुक दिसू लागलं. तो तिसऱ्यांदा आला तेव्हा ती म्हणाली, “डोळे ठणठणीत आहेत तुमचे. कॉफीला न्यायचं असेल, तर सरळ विचारा की.”

कॉफी सुरू झाली… पण प्रत्येक कॉफीत त्याच्या तोंडी नित्या असायची, रविवारी त्याच्याबरोबर बोटीवर येणारी. नित्याला पाखरं बघून मासा कळतो. नित्याला उन्हाची पर्वा नाही. नित्यासारखा गळ कुणी टाकत नाही! वासुकीच्या तोंडात कॉफी कडू व्हायची. शेवटी तिनंच जाहीर केलं, “या रविवारी मी येते.”

नित्या दिसायला साधी असावी, अशी तिनं मनोमन प्रार्थना केली होती. ती उंच निघाली, उन्हानं रापलेली, मोकळं हसणारी. “ये गं वासुकी!” म्हणत तिनं हात देऊन तिला बोटीत घेतलं. सेतुमाधवाला ती ‘सेतु’ म्हणत होती. वासुकी अजून ‘अहो’वरच होती!

बोटवाल्या मणीनं निघतानाच बजावलं होतं – एकाच्या गळाला मासा लागला, की बाकीच्यांनी आपली दोरी लगेच गुंडाळायची. नाहीतर दोऱ्या गुंततात.

किनारा दिसेनासा झाला. चहूकडे निळं, हलतं पाणी. सेतुमाधवानं आपला गळ पाण्यात टाकून वासुकीच्या हाती दिला. पुढे पाखरं झेपावू लागली आणि नित्याचं रीळ किंचाळलं.

“मोठा आहे, सेतु! पट्टा!”

सेतुमाधवानं धावत जाऊन तिच्या कमरेला पट्टा बांधला, गळाचा दांडा त्यात रोवला आणि तिचा तोल जाऊ नये म्हणून मागून पट्टा धरून उभा राहिला. दोघं एकदमच मागे झुकत होती, एकदमच पुढे येत होती… किती सवयीनं!

“अक्का, सुत्तुंगो! सुत्तुंगो!” मणी गुंडाळायला सांगत होता. वासुकीला ऐकू येत होतं. रीळ हातातच होतं. पण तिची नजर पट्टा धरलेल्या त्याच्या हातावरून हलेना, आणि बोटंही हलेनात.

दोऱ्या गुंतल्या. ताडकन आवाज झाला. नित्या मागच्या मागे सेतुमाधवावर आदळली.

मासा गेला होता.

“असूं दे,” सेतुमाधव हळूच म्हणाला. “पहिल्यांदाच आल्यात त्या.”

नित्यानंही मान डोलावली. तेच वासुकीला सोसेना.

“मला कळत होतं,” ती म्हणाली. “मी गुंडाळली नाही… जाणूनबुजून.”

“का?” नित्याचा आवाज चढला. “असला मासा परत कधी लागेल मला?”

“यांचा हात… तुमच्या कमरेपाशी होता.”

मराठी न कळणाऱ्या मणीनं तमिळमध्ये विचारलं, काय झालं?

सेतुमाधव कानापर्यंत लाल झाला. “वासुकी… गेल्या दिवाळीत मी नित्याला लग्नाचं विचारलं होतं. ती नको म्हणाली.”

म्हणजे खोटं नव्हतं जळणं! वासुकीचे डोळे भरून आले. “आणि… अजून?”

“बसमध्ये तुम्ही ओरडलात तोवर होतं मनात,” तो म्हणाला. “त्यानंतर नाही. विचारा तिला.”

नित्यानं तुटकी दोरी ओढून घेतली. “वासुकी अशी हसली, वासुकी तसं म्हणाली… दर रविवारी कान किटतात माझे!” आणि ती फणकाऱ्यानं पुढे जाऊन बसली. तिचा राग काही गेला नव्हता.

त्या दिवशी पुन्हा मासा लागला नाही. संध्याकाळी तंजावूरला उतरल्यावर वासुकीच्या गल्लीच्या तोंडाशी सेतुमाधव घुटमळला.

“पुढच्या रविवारी… याल?”

“येईन.” वासुकीनं त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. “पण एक सांगते, सेतु. नित्याचा पट्टा मी बांधणार!”