भारशीतन

नियंत्रण कक्षातल्या मोठ्या पडद्यावर सातपुड्याचं वाळलेलं जंगल संथपणे मागे सरकत होतं. जलगरुड कड्याच्या दिशेने निघाला होता. तीनशे लिटर पाणी उचलून नेणाऱ्या, इंजिनावर चालणाऱ्या या ड्रोनची आज पाहुण्यांसमोर चाचणी होती. त्याची रचना शर्वरी घैसासची.

"याला रेडिएटर दिसत नाही," पाहुण्यांमधल्या डॉ. कमलिनी पै म्हणाल्या. वणव्यांवर त्यांचा मोठा अभ्यास होता. "मग इंजिन थंड कसं राहतं?"

"वाहून नेतो त्याच पाण्याने," शर्वरी म्हणाली. "टाकीतलं पाणी इंजिनाभोवती फिरून पुन्हा टाकीत येतं. वेगळा रेडिएटर नाही, त्याचा पंखा नाही. तेवढं वजन वाचलं की तेवढं पाणी जास्त नेता येतं. आम्ही याला भारशीतन म्हणतो."

"पण पाणी तापत जाणार."

"तापू दे की. पाणी तापवायला लागते त्याच्या पाचपट उष्णता त्याची वाफ व्हायला लागते. आग विझते ती त्या वाफ होण्यामुळे. पाणी गार असो वा गरम, वणव्याला फारसा फरक पडत नाही. इंजिनाची सहनशक्ती संपायच्या आत ते टाकलं, की झालं."

पै बाईंनी मान डोलावली. ड्रोन बनवणाऱ्या केंद्राचे संचालक उद्धव मोहरीर समाधानाने हसले.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. "मी वनरक्षक फुलवंती बेठेकर. माझ्याबरोबर दोन अंगारी आहेत. वारा फिरलाय, दोन्ही बाजूंनी गवत पेटलंय. आम्ही नाल्यातल्या खडकावर आलोय. इथं धग फार आहे. आमच्यावर पाणी टाका!"

अंगारी म्हणजे उन्हाळ्यात आगीपासून जंगल राखणारे गावकरी. शर्वरीने जलगरुड तिकडे वळवला. काही मिनिटांत तो नाल्यावर पोचून हवेत स्थिर झाला. खाली नुसता धूर होता, पण उष्णताकॅमेऱ्यात खडकावरच्या तीन आकृती स्पष्ट दिसत होत्या.

"टाकते," शर्वरी म्हणाली.

"थांब जरा," मोहरीर तिच्या कानाशी झुकून पुटपुटले. "धूर सरकू दे. पाहुण्यांना काहीच दिसत नाहीये. अशी संधी पुन्हा येत नाही."

हात काढून घ्यावा की बटण दाबावं, या विचारात तिने क्षणभर पडद्याकडे पाहिलं. मग हात काढून घेतला. जागच्या जागी तरंगायला इंजिनाला सर्वांत जास्त जोर लागतो, हे तिला ठाऊक होतं. टाकीतल्या पाण्याच्या तापमानाचा काटा चढत होता, पण होता हिरव्या पट्ट्यातच. हिरवं म्हणजे इंजिन सुरक्षित. पट्टा तिनेच आखला होता.

"म्याडम, टाका ना!" रेडिओतून आवाज आला. "किती वेळ?"

अखेर वाऱ्याने धूर बाजूला लोटला. पाणी हवेत विखरून वाया जाऊ नये म्हणून शर्वरीने जलगरुड अगदी खाली आणला आणि टाकी मोकळी केली. पांढऱ्या वाफेचा लोट उठला. कक्षात टाळ्या वाजल्या. त्या गजरात रेडिओवरच्या किंकाळ्या तिच्याशिवाय कोणाला ऐकू आल्या नाहीत. आग त्यांच्यापर्यंत पोचली, असं तिला वाटलं. आपल्याला उशीर झाला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती तालुक्याच्या रुग्णालयात गेली. तिघेही जिवंत होते. मोहरीर बाहेर पत्रकारांना सांगत होते, "मृत्यूच्या जबड्यातून ओढून काढलं!"

वॉर्डच्या दारात तरुण डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "एक गोष्ट कळत नाहीये मला. तिघांचे खांदे, पाठी, हात सोलून निघालेत, पण केस जळालेले नाहीत. कपड्यांवर जळल्याचा साधा डागही नाही. हे आगीने भाजलेलं नाही. यांच्यावर उकळतं पाणी पडलंय. जंगलात उकळतं पाणी कुठून आलं?"

शर्वरीच्या डोळ्यांपुढे तो हिरवा पट्टा उभा राहिला. वणव्याला फरक पडत नाही, हा हिशेब तिने शंभरदा तपासला होता. खाली माणूस असेल, हे त्या हिशेबात नव्हतंच. पण तिला त्याहून लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. डॉक्टरांचं ऐकून तिच्या मनात पहिल्यांदा आलं होतं ते हे, की बरं झालं, अजून कोणाला कळलेलं नाही.

ती आत गेली. फुलवंती भिंतीकडे तोंड करून बसली होती. पंचविशीची मुलगी, नोकरीतला पहिलाच उन्हाळा. शर्वरीने आपण कोण ते सांगितलं.

"तुमचे आभार मानायला हवेत," ती न वळता म्हणाली. "पण तोंड नाही दाखवावंसं वाटत. ते दोघं पळू म्हणत होते. मीच त्यांना खडकावर नेलं. तिथं जळायला काही नाही, आग येणार नाही, असं मीच म्हणाले. आणि आग आलीच. दोघांच्या घरचे सकाळी या दारावरून गेले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही कोणी. मी नोकरी सोडणार आहे."

बाहेर मोहरीरांचा आवाज चढत होता. शर्वरीने स्टूल ओढून घेतलं, पण बसवलं नाही तिला.

"आग नाही आली, फुलवंती."

"काय?"

"ते पाणी आमच्या इंजिनाला गार ठेवतं. त्यातच ते तापतं. धूर सरकून पडद्यावर नीट दिसावं म्हणून मी तुमच्या डोक्यावर यंत्र थांबवून ठेवलं, तोवर ते आणखी तापलं. तुम्ही पाणी मागितलंत. मी उकळतं ओतलं."

फुलवंती हळूहळू वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी जुळवत होती.

"म्हणजे खडकावर आग पोचलीच नव्हती?"

"नाही."

"तुम्ही आलाच नसता, तर?"

शर्वरीला उत्तर माहीत होतं. गवत भर्रकन जळून गेलं असतं, तिघं धगीने घामाघूम होऊन चालत घरी गेले असते.

"तर तुम्हाला काही झालं नसतं," ती म्हणाली.

फुलवंतीने डोळे मिटले. मग बँडेज बांधलेल्या हाताने सलाईनचा स्टँड धरून ती पलंगावरून उतरू लागली. शर्वरी आधार द्यायला पुढे झाली, तशी ती अंग चोरून मागे सरली.

"हात नका लावू," ती म्हणाली. "पुरुषांचा वॉर्ड पलीकडे आहे. त्यांच्या घरची माणसं आत्ता तिथंच बसलीयेत. चला. जागा मी बरोबर निवडली होती, हे त्यांना माझ्यादेखत सांगा."

ती पुढे निघाली. शर्वरी मान खाली घालून तिच्या मागे चालू लागली.