आतून चकचकीत किटली

मिस्टर फेन यांनी रिकामी झालेली चांदीची किटली उलटी धरली, बुडावरून भिंग फिरवलं आणि म्हणाले, "ही ती नव्हे."

चहाच्या दालनात चमचे थांबले. गिल्डेड फ्लीस ही ऑर्लकम गावातली चारशे वर्षांची सराय. तिथं दुपारच्या चहाला जमणाऱ्या मंडळींची एक खासियत आहे. दुसऱ्यावर संकट आलं की कान तिकडे लावायचे आणि डोळे खिडकीबाहेर. त्या दिवशीही सगळ्यांना कुरणातल्या मेंढ्या एकाएकी फार आवडू लागल्या.

"चांदीच्या कसाचे शिक्के ठोकलेले नाहीत, साच्यातून ओतलेले आहेत," फेन म्हणाले. "अस्सल किटलीचा साचा घेऊन केलेली नक्कल. मूळ वस्तू कारागिराकडे दोन आठवडे तरी असल्याशिवाय हे काम होत नाही."

अस्सल किटली गावाची होती. दोनशे वर्षांपूर्वी एका बाईनं ती गावाला दिली, अट एकच: कपाटात पुजायची नाही, सरायीत रोज त्यातून चहा द्यायचा. किटलीच्या विश्वस्तांच्या वतीनं फेन वर्षातून एकदा ती तपासून जात. दर वर्षी ऑक्टोबरात येणारे फेन यंदा न कळवता जूनमध्येच टपकले होते.

सरायीचे मालक ज्युलियन पार्जिटर पुढे झाले. दोन वर्षांपूर्वी लंडनहून आलेले हे गृहस्थ. रेशमी रुमाल खिशात, आणि गावकरी जणू बुटाला लागलेला चिखल अशी नजर. त्यांनी पोलिसांना फोन केला आणि मग वाढपीण डॉर्कस पिंकमकडे बोट दाखवलं.

"एकोणतीस वर्षं किटली हिच्या ताब्यात. आणखी कोण चोरणार? तबेल्यावरची खोली संध्याकाळपर्यंत रिकामी कर, डॉर्कस."

त्या खोलीशिवाय डॉर्कसला जगात दुसरं छप्पर नव्हतं. हातातली स्कोनची बशी तिनं फक्त खाली ठेवली.

"ही माणसं अशीच," ब्रिगेडियर टॉलिव्हर पुटपुटले. सतरा वर्षं हा माणूस तिच्या हातचा चहा पीत होता. "आजचा चहासुद्धा कसा होता! चमचा चोखल्यासारखा."

पावणेपाचला इन्स्पेक्टर हेस्टर मॅबट आल्या. बुटक्या, जाडजूड, अंगात जुना रेनकोट. पार्जिटरनी नाक मुरडलं ते बाईंनी पाहिलं आणि त्यांना बरंच वाटलं. आपल्याला कमी लेखणारा माणूस भरपूर बोलतो, हा त्यांचा अनुभव होता.

त्यांनी आधी फेनचं म्हणणं ऐकून घेतलं. मग किटली हातात घेतली. मुठीजवळचा जुना पोचा होता, नक्षी होती, देणाऱ्या बाईची आद्याक्षरंही होती. त्यांनी झाकण उघडलं. तळाशी त्यांना स्वतःचं नाक दिसलं.

"पार्जिटर, ही किटली बदलली कधी, काय वाटतं?"

"ऑक्टोबरची तपासणी झाल्यावर लगेच. कित्येक महिने हीच बघतोय."

"नक्की हीच?"

"बाई, मला डोळे आहेत."

"तुम्ही कधी हाताळली?"

"मी?" पार्जिटर हसले. "मी कॉफी पितो. खरकट्या भांड्यांना मी हात लावत नाही. त्यासाठी नोकर आहेत."

"दुरुस्तीला, पॉलिशला वगैरे?"

"मी कधीच स्पर्श केलेला नाही. लिहून घ्या."

बाईंनी खरंच लिहून घेतलं आणि त्याखाली त्यांची सही घेतली. पार्जिटरनी ती मोठ्या झोकात केली.

"आता डॉर्कसबाई. किटली कशी धुता?"

"गरम पाण्यानं विसळते, उपडी घालते. बस्स."

"साबण?"

डॉर्कसनं असं पाहिलं की जणू बाईंनी तिच्या आईला शिवी दिली. "साबण? चहाच्या किटलीला?"

"ऐकलंत?" पार्जिटर पाहुण्यांकडे वळले. "एकोणतीस वर्षं! आणि असल्या बाईच्या हातचं तुम्ही पिता."

"किटली घराबाहेर कधी गेली होती?"

"एकदाच. फेब्रुवारीत साहेब झाकणाची बिजागरी करायला लंडनला घेऊन गेले. तीन आठवडे. मी म्हटलं, साहेब, आतून घासू देऊ नका. नाही घासली त्यांनी. होती तशी आली."

"खोटं," पार्जिटर म्हणाले.

"या आठवड्यात तुम्ही कुठं होता, डॉर्कसबाई?"

"एक्झिटरला, बहिणीकडे. शनिवारी गेले, आज दुपारी आले. कपाटाची चावी साहेबांकडे दिली होती."

"टेबलावर टाकून गेली होती," पार्जिटर म्हणाले. "पाहुण्यांना चिनीमातीच्या किटल्यांतून चहा गेला. कपाट मी उघडलंच नाही."

"आज झाकण उघडल्यावर काय वाटलं, डॉर्कसबाई?"

"रडू आलं. वाटलं, कुणीतरी घासली."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

"या घरात मला कोण विचारतं, बाई? डोळे पुसले आणि चहा केला. माणसं खोळंबली होती."

मॅबटबाईंनी किटली टेबलाच्या मधोमध ठेवली, झाकण उघडंच.

"मंडळी, मेंढ्या पुरे झाल्या. इकडे बघा. आत काय दिसतं?"

"काही नाही," ब्रिगेडियर म्हणाले. "स्वच्छ आहे." मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "अरेच्चा! स्वच्छ आहे!"

"तुमच्या आईची किटली आतून कशी होती, ब्रिगेडियर?"

"काळी कुळकुळीत. घासली असती तर आईनं घराबाहेर काढलं असतं. चहाची चवच जाते."

"तुमची चव आज गेलीच होती. फक्त तुम्ही खापर बाईंवर फोडलंत." बाई पार्जिटरकडे वळल्या. "या देशात चहा पिणाऱ्या कुठल्याही घरात किटली आतून घासत नाहीत. रोज चहा होतो, रोज थर चढतो. एकोणतीस वर्षं नुसती विसळलेली किटली आतून रस्त्याच्या डांबरासारखी असते. तुम्ही म्हणता, कित्येक महिने हीच बघतोय. हिनं तर आजच्याआधी चहाच पाहिलेला नाही. शनिवारपर्यंत किटलीतून रोज चहा होत होता, म्हणजे अदलाबदल शनिवारनंतरची. तेव्हा चावी तुमच्याकडे होती."

"ती आज पिशवीत घालून घेऊन आली असेल!"

"डॉर्कसबाईंनी नक्कल करवली असती, तर आधी आतून काळी केली असती. फेनना शिक्के दिसण्याआधी कुठल्याही म्हातारीला ती चमक दिसली असती, हे त्यांना ठाऊक आहे. ज्यानं ही बनवून घेतली त्यानं बाहेरचा पोचा मोजून घेतला आणि आतलं डाग समजून साफ करवलं. आयुष्यात ज्यानं किटलीचं झाकण उचललं नाही, असा माणूस. या गावात असा एकच आहे, आणि तो कॉफी पितो."

कोणीतरी खुदकन हसलं.

"शिवाय साचा. मूळ किटली दोन आठवडे तरी बाहेर हवी, असं फेन म्हणाले. ती एकदाच बाहेर गेली."

"तिच्या शब्दावर?" पार्जिटर ओरडले. "एका वाढपिणीच्या?"

"नाही, माझ्या," फेन शांतपणे म्हणाले. "किटली गावाबाहेर न्यायला विश्वस्तांची परवानगी लागते. फेब्रुवारीत तुमचा अर्ज आला होता. माझ्याकडेच आहे."

बाईंनी सही केलेला कागद उचलला. "आणि इथं तुम्ही म्हणता, कधीच स्पर्श केला नाही. पार्जिटर, तुम्ही साधे चोर असता तर मी कीव केली असती. फेन अचानक आले, नक्कल उघडी पडली, आणि तुम्ही जिचं घर तुमच्या एका शब्दावर आहे तिच्याच गळ्यात चोरी घातलीत. कारण तिच्याकडे कोणी बघणार नाही, याची तुम्हाला खात्री होती. अस्सल किटली सरायीत नोकरांच्या नजरेस पडेल अशी तुम्ही ठेवणार नाही, तेव्हा आता गाडीची चावी द्या."

पार्जिटरनी दालनभर नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी चावी टेबलावर टाकली.

अस्सल किटली गाडीच्या डिकीत, गोल्फच्या पिशवीच्या तळाशी सापडली. ती विकत घेणारं गिऱ्हाईक येत्या शनिवारी यायचं होतं. डॉर्कसनं झाकण उघडून आत बोट फिरवलं. बोट तपकिरी झालं. तिनं ते एप्रनला पुसलं नाही. तसंच धरून ठेवलं.

"सरायीला किटली विश्वस्तांच्या अटींवरच मिळते. खोलीचं त्यांच्याशी मी बोलतो," फेन म्हणाले. "तुम्हाला कोणी हलवणार नाही."

पोलिसांची गाडी पार्जिटरना घेऊन गेली, मॅबटबाई जबाब लिहायला मागे थांबल्या आणि दालन पुन्हा सभ्य झालं. सगळ्यांना आधीपासूनच पार्जिटरचा संशय होता म्हणे. ब्रिगेडियर तर घसा खाकरून उभेच राहिले.

"डॉर्कस, आम्हाला एक क्षणही वाटलं नव्हतं हो. चला, आता या किटलीतून एक फक्कड चहा होऊन जाऊ दे!"

डॉर्कसनं त्यांच्याकडे पाहिलं. मग एप्रनची गाठ सोडली, एप्रन घडी करून ब्रिगेडियरच्या हातात दिला आणि खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"स्वयंपाकघर डावीकडे आहे," ती म्हणाली. "आधी पाणी नीट उकळू द्या. आणि इन्स्पेक्टरबाईंसाठी पण एक कप आणा."